सोलरचं गरम पाणी नळाला उशिरा येतं: बिघाड शोधायचा कुठे?

तक्रार ठरलेली असते. सकाळी सहाला बाथरूमचा गरम नळ सोडला, बादलीभर गार पाणी गेलं, मग कोमट आलं आणि अंघोळीजोगं पाणी येईपर्यंत ऑफिसची वेळ झाली. प्लंबर येतो, ‘लाइनीत एअर आलीय’ म्हणतो, कुठलातरी नट सैल करून पुन्हा आवळतो आणि पैसे घेऊन जातो. आठवड्यानं पुन्हा तेच. दिवाळीनंतर थंडी पडली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतोच. उपायही पाठ झालेले: टाकी मोठी घ्या, पाइप जाड टाका, पाइपला फोम गुंडाळा, नाहीतर सोलरची कंपनीच बदला.

यातला एकेक उपाय कुठल्या ना कुठल्या दुखण्यावर चालतो, पण तुमचं दुखणं तेच असेल असं नाही. पाइप जाड टाकल्यावर तर उशीर वाढतो. पाणी उशिरा येणं आणि पाणी कोमट येणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत. आपण दोन्ही एका दमात सांगतो आणि प्लंबर दोन्हींवर एकच औषध देतो. म्हणून आधी मोजायचं, मगच पाना हातात घ्यायचा.

आधी मोजा

लागतं काय? स्वयंपाकघरात वापरतात तो सळईचा डिजिटल थर्मामीटर, एक फुलपात्र, बादली आणि मोबाइल. रात्रभर लाइन न वापरलेली हवी, म्हणजे सकाळी तुमच्या लाइनीवर सगळ्यांत आधी तुम्ही. नळाखाली फुलपात्र धरा, ते भरून वाहू द्या, सळई त्यात बुडवा आणि थर्मामीटरचा व्हिडिओ काढा. थर्मामीटर बादलीत ठेवू नका. बादली सुरुवातीपासूनचं सगळं पाणी एकत्र करून सरासरी दाखवते, आणि आपल्याला हवं आहे ते त्या-त्या क्षणाचं तापमान. फुलपात्रातून सांडलेलं पाणी बादलीत जमू द्या. गरम पाणी येईपर्यंत किती लिटर जमलं आणि किती सेकंद लागले, हे दोन आकडे सगळ्यांत महत्त्वाचे.

व्हिडिओवरून दर दहा सेकंदांचा आकडा चौकटीच्या कागदावर मांडला की आलेख तयार. त्याआधी गच्चीवर जाऊन सोलरच्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान पहाटेच घ्या. तिथेच ४० अंश असेल तर खाली पाइपाला दोष देण्यात अर्थ नाही. टाकी, काचेच्या नळ्या आणि त्यांत साठलेले क्षार बघायला माणूस बोलवा. पुढचं सगळं टाकीत ५०-५५ अंशांचं पाणी आहे असं धरून लिहिलं आहे.

बराच वेळ गार, मग झटकन गरम

आलेख असा आला तर तुमच्याकडे बिघाड काहीही नाही. पाइपात रात्रभर पडून राहिलेलं पाणी बाहेर पडतंय, इतकंच.

हिशोब करू. पाऊण इंची बी क्लास (मध्यम जाडीच्या) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा आतला व्यास सुमारे २१.७ मिलिमीटर, म्हणजे एका मीटरला ०.३७ लिटर पाणी. गच्चीपासून तुमच्या नळापर्यंत वळणावळणानं ३० मीटर पाइप असेल तर आत ११ लिटर पाणी झालं. नळ मिनिटाला ६ लिटर देत असेल तर हे पाणी १ मिनिट ५० सेकंदांत बाहेर पडायला हवं. पण मोजलंत तर पावणेतीन मिनिटं लागतील आणि बादलीत ११ नव्हे, १६ लिटरच्या आसपास पाणी जमेल. हे जास्तीचे पाच लिटर कुठून आले?

ते पाइपाच्या लोखंडापायी आले. रात्रभरात पाइपही गार पडलेला असतो. या पाइपाचं वजन मीटरमागे दीड किलोच्या वर आहे, आणि तो एक अंशानं तापवायला सुमारे ०.७५ किलोज्यूल लागतात. त्याच मीटरभरातल्या पाण्याला १.५५ किलोज्यूल लागतात. म्हणजे पाण्याच्या निम्मी उष्णता लोखंड मागून घेतं. वरून येणारं पहिलं गरम पाणी पाइप तापवता तापवता स्वतः गार होतं, त्याच्या मागचं पाणी थोडं पुढे सरकतं, तेही गार होतं. पाणी ज्या वेगानं वाहतं त्या वेगानं उष्णता पुढे सरकत नाही. या पाइपात तिचा वेग पाण्याच्या वेगाच्या दोन तृतीयांश असतो. अर्धा इंची जीआय घेतला तर पाणी कमी आणि लोखंड त्या मानानं जास्त, म्हणून उष्णता आणखी मागे राहते, पाण्याच्या ६० टक्के वेगानं. तरीही एकूण उशीर पाऊण इंचीपेक्षा कमीच भरतो, कारण मुळात आत साठलेलं पाणी जवळपास निम्मं आहे.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी थोडं विषयांतर. पाइपातल्या उष्णतेचा प्रश्न आला की हात आपोआप डिटस-बोल्टरच्या १९३० च्या सूत्राकडे जातो. ते सूत्र पाण्यातून भिंतीत उष्णता किती जोमानं जाते ते सांगतं, आणि तेही प्रवाह टर्ब्युलंट (खळबळता) असून स्थिरावल्यावर. आपल्या उदाहरणात मिनिटाला ६ लिटर असताना गरम पाण्याचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह खळबळता की थरांनी सरकणारा ते सांगणारा आकडा) साडेअकरा हजारांच्या घरात येतो, सूत्र लागू पडतं, आणि दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे १७०० वॉट मिळतात. त्यावरून पाइपाची भिंत पाण्याच्या मागोमाग तापायला लागणारा काळ निघतो साधारण ६ सेकंद. पावणेतीन मिनिटांपुढे ६ सेकंद म्हणजे काहीच नाही. ते १७०० चे ३४०० झाले तरी गरम पाणी फारसं लवकर येणार नाही, आलेखाचा चढ थोडा आणखी उभा होईल. उशीर ठरतो तो पाणी आणि लोखंड मिळून किती उष्णता साठवतात यावर. उष्णतेची देवाणघेवाण किती जोरात होते त्याचा त्यावर जवळजवळ परिणाम नाही. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, कारण पुस्तकातला पाइप कायम तापलेलाच असतो.

आता घरातलं. वाया जाणारं पाणी ढोबळमानानं ठरलेलं आहे: नळ जोरात सोडा नाहीतर बारीक, १६ लिटर जाणारच. बारीक धार सोडून पाणी वाचत नाही, फक्त वेळ वाढतो. तेव्हा गरम नळ पहिल्यापासून पूर्ण सोडायचा. मिक्सर असेल तर दांडी आधी पूर्ण गरमकडे. बरेच जण पहिल्यापासूनच दांडी मधोमध ठेवून उभे राहतात. मग गरम लाइनीतून मिनिटाला तीनच लिटर वाहतं आणि उशीर थेट दुप्पट, साडेपाच मिनिटं. विसण नंतर घालायचं असतं, तसंच इथेही. जमलेलं गार पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा झाडांना वापरा, हे सांगायला नको.

कायमचा उपाय हवा असेल तर पाइपाच्या आतलं पाणी कमी करावं लागतं. लांबी कमी करा किंवा व्यास. सव्वा इंची जीआय पाइपात मीटरमागे १ लिटर पाणी बसतं. प्रेशर मिळावं म्हणून सोसायटीनं २० मीटरची उभी लाइन सव्वा इंची टाकली की २० लिटर नुसते तिथेच अडकले, वर लोखंडाचा हिस्सा वेगळा. अशा सामायिक लाइनीवर एक गंमत दिसते. पहाटे साडेपाचला अंघोळ करणारे आजोबा आयुष्यभर तक्रार करतात आणि आठला उठणारे म्हणतात, ‘आमच्याकडे तर लगेच येतं.’ दोघंही खरं बोलत असतात. आजोबांनी आख्खी लाइन तापवून दिलेली असते.

पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपात) मीटरमागे साधारण ०.२६ लिटर पाणी बसतं आणि प्लास्टिकचा वाटा पाण्याच्या सहाव्या हिश्शाएवढाच. त्याच ३० मीटरला ९ लिटरांत काम होतं. जुना जीआय गंजून बदलायची वेळ आलीच असेल तर हा फायदा मोठा आहे. नुसत्या उशिरासाठी चांगली लाइन उपटून काढू नका.

हळूहळू, रेंगाळत गरम होणं

आलेख उभा चढत नाही, पाच-सात मिनिटं कोमटातच रांगत राहतो, असं असेल तर दोन शक्यता तपासा.

पहिली, धार बारीक आहे. एक लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. एक मिनिट लागत असेल तर पाऊण इंची पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला साडेचार सेंटिमीटरच उरतो आणि गार पाण्याचा रेनॉल्ड्स अंक हजाराच्या आत येतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८३ साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं होतं तेच इथे घडतं: प्रवाह खळबळत नाही, थरांनी सरकतो. मधलं पाणी सरासरीच्या दुप्पट वेगानं पुढे जातं, भिंतीलगतचं जवळजवळ थांबलेलं असतं. भिंत तापायला आता सहा सेकंद नव्हे, दीड-दोन मिनिटं लागतात. त्यामुळे पहिली ऊब अपेक्षेपेक्षा लवकर जाणवते, पण पूर्ण गरम पाणी यायला फार वेळ लागतो. शिवाय हवेत जाणारी उष्णता. उघड्या पाइपावरून, वारा नसताना, मिनिटाला ६ लिटर वाहत असेल तर ३० मीटरमध्ये २ अंश कमी होतात. मिनिटाला १ लिटर असेल तर तब्बल दहा-अकरा अंश. ५५ चं पाणी ४५ ला येतं आणि आपण सोलरला शिव्या घालतो. नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची भोकं क्षारांनी बुजलीत का ते बघा, काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. अँगल कॉक अर्धवट बंद असतो तोही याच खात्यातला.

दुसरी शक्यता म्हणजे कन्सील्ड पाइप. भिंतीत गिलाव्याखाली घट्ट बसवलेल्या लोखंडी पाइपाभोवती विटा आणि सिमेंट असतं, आणि पाइपाचं पोट भरलं तरी भिंतीचं भरत नाही. पहिल्या एक-दोन मिनिटांत अशा सहा मीटर तुकड्यात तीन-चार अंश सहज जातात. पुढे हा ओघ कमी होत जातो, पण फार संथपणे, त्यामुळे आलेखाला लांब शेपूट येतं. फ्लॅटमध्ये नूतनीकरण काढलंच असेल तर भिंतीत घालण्याआधी गरम पाइपावर निदान ९ मिलिमीटरची फोमची नळी चढवून घ्या. गवंडी म्हणेल झिरी रुंद करावी लागेल. करू दे. एरवी या दुखण्यावर उपाय नाही.

फोम कुठे उपयोगी, कुठे नाही

पाइपाला फोम गुंडाळला की सकाळचा उशीर जाईल ही समजूत फार पसरलेली आहे. जात नाही. उघडा पाऊण इंची जीआय पाणी थांबल्यापासून पाऊण तासात आपली बहुतेक ऊब घालवतो. आकड्यात सांगायचं तर आसपासच्या हवेपेक्षा जेवढा गरम होता त्यातला ६३ टक्के फरक संपतो. १३ मिलिमीटर फोम चढवला की हाच काळ सव्वादोन तासांच्या पुढे जातो. म्हणजे तिप्पट फायदा, पण रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास आहेत. तेवढ्या वेळात फोमवाला पाइपही गारच पडतो, आणि पहिली बादली जायची ती जातेच.

फायदा होतो तो दुसऱ्या माणसाला. सहाला एकाची अंघोळ, सातला दुसऱ्याची, असं घर असेल तर फोमनंतर दुसऱ्याला लगेच बऱ्यापैकी गरम पाणी मिळेल. आणि गच्चीवरच्या पाइपाला तर फोम हवाच, कारण तिथे वारा लागतो आणि हवेतली गळती दुप्पट-तिप्पट होते. फक्त तो काळा फोम उन्हात वर्षा-दोन वर्षांत भुगा होतो, त्याआधी कावळे टोचून काढतात. वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप किंवा पत्र्याचं आवरण लावल्याशिवाय बिल चुकतं करू नका.

सीपीव्हीसीबद्दलही सांगायला हवं. प्लास्टिक आहे म्हणून पाइपात पाणी गरम राहतं असं दुकानदार सांगतो. त्यातून उष्णता जरा हळू जाते हे खरं, पण मुळात आत साठलेली उष्णता जीआयपेक्षा कमी असते, म्हणून उघडा सीपीव्हीसी साधारण ३५ मिनिटांतच तेवढा गार होतो.

कितीही वेळ सोडा, कोमटच

दहा मिनिटं नळ पूर्ण सोडला, धारही चांगली आहे, गच्चीवर ५५ अंश आणि खाली ४२. आता वरचा हिशोब आठवा: एवढ्या प्रवाहाला पाइप दोन अंश खातो, वारा धरला तर पाच-सहा. बाकीचे अंश पाइपानं खाल्लेले नाहीत. गरम पाण्यात कुठेतरी गार पाण्याची भेसळ होते आहे.

ती बहुतेक वेळा घरातल्याच दुसऱ्या मिक्सरमधून होते. हँड शॉवर किंवा संडासातला जेट मिक्सरच्या पुढे जोडलेला असतो. घरातले त्याची खटकी सोडून पाणी बंद करतात आणि मिक्सर उघडाच ठेवतात. बाहेर पाणी येत नाही, पण आत गरम आणि गार लाइन एकमेकांना जोडल्या जातात. गार लाइनीवर प्रेशर पंप असेल आणि सोलरची लाइन नुसत्या उंचीवर चालत असेल तर गार पाणी बिनदिक्कत गरम लाइनीत घुसतं. तपासणी सोपी आहे. एकेका मिक्सरच्या खालचा गार बाजूचा अँगल कॉक बंद करत जा आणि प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून फुलपात्रातलं तापमान बघा. ज्या कॉकनंतर आकडा उडी मारेल तिथे चोर सापडला. सामायिक लाइन असेल तर चोर शेजारच्या फ्लॅटमध्येही असू शकतो, आणि मग प्रकरण तांत्रिक राहत नाही. प्रत्येक फ्लॅटच्या गरम फाट्यावर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवायचा ठराव मीटिंगमध्ये करून घेणं, हाच त्यातला सोपा मार्ग.

गरम, मग गार, मग पुन्हा गरम

शॉवरखाली उभं असताना हे झालं की माणूस ओरडतो. बादलीवाल्यांना मात्र पत्ताही लागत नाही.

सोलरच्या मागे गॅस गिझर लावलेला असेल तर नळ मध्येच बंद करून पुन्हा सोडताना बर्नर पेटायला काही सेकंद लागतात. पाच सेकंद धरले तर अर्धा लिटर न तापलेलं पाणी पुढे निघून जातं. त्याच्या पुढे आधीचं गरम, त्याच्या मागे नवीन गरम, आणि मधला गार तुकडा नेमका डोक्यावर. साबण लावताना नळ बंद न करता बारीक केला तर हे टळतं, पण गिझर विझणार नाही इतपतच बारीक. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साठवणीचा विजेचा गिझर सोलरच्या लाइनीत एकापुढे एक जोडला असेल तर गोष्ट निराळी. नळ सोडला की आधी गिझरमधलं तयार गरम पाणी येतं, छान वाटतं. त्याच वेळी पाइपातलं १६ लिटर गार पाणी गिझरच्या तळाशी शिरतं. गिझर १५ लिटरचा असेल तर अंघोळीच्या मध्यावर त्यातलं गरम संपतं आणि हे गार पाणी नळाला पोचतं. दोन किलोवॉटची कॉइल तेवढ्या पावणेतीन मिनिटांत १६ लिटर पाणी फार तर पाच अंशांनी तापवते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. उपाय म्हणजे गिझरचं पोट पाइपातल्या वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा मोठं हवं. आपल्या उदाहरणात २५ लिटरचा. गिझरच्या कंपनीला सोलरचं गरम पाणी आत घेतलेलं चालतं का, तेही विचारून घ्या. आणि गिझर बंद ठेवून नुसता लाइनीत ठेवला असेल तर तो फक्त नुकसान करतो: आतलं १५ लिटर गार पाणीही ढकलून बाहेर काढावं लागतं, आणि ते मिसळत मिसळत निघत असल्यामुळे पूर्ण गरम पाण्यासाठी आणखी तीस-पस्तीस लिटर जाऊ शकतात. अशा गिझरला बायपास आणि दोन बॉल व्हॉल्व्ह लावून घ्या.

याच आलेखाचा तिसरा भाऊ म्हणजे दर दीड-दोन मिनिटांनी गरम-गार असं झुलणारं तापमान. त्यात यंत्राचा दोष क्वचित असतो. माणूस दांडी फिरवतो, परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून तो आणखी फिरवतो. दांडी फिरवल्यावर थांबा.

सोसायटीची रिटर्न लाइन

सात-आठ मजल्यांच्या इमारतीत खरा इलाज एकच: गरम पाण्याची उभी लाइन खालून परत टाकीकडे नेणारी रिटर्न लाइन आणि छोटा पंप. लाइन कायम गरम, प्रत्येक फ्लॅटला फक्त आपल्या फाट्याचं दोन-तीन लिटर पाणी सोडावं लागतं. पण पंप चोवीस तास चालू ठेवला की काय होतं ते बघा. जाण्या-येण्याची मिळून १२० मीटर, एक इंची, फोम चढवलेली लाइन धरा. मीटरमागे ११ वॉट जातात, म्हणजे १.३ किलोवॉट, म्हणजे दिवसाला ३२ युनिट उष्णता हवेत. एवढ्या उष्णतेत ८०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापलं असतं. पंप फक्त पहाटे साडेपाच ते साडेआठ चालवला तर लाइन नव्यानं तापवायचे ४ युनिट आणि गळतीचे ४, असे आठांत भागतं. टायमर हवाच. रिटर्नच्या शेवटी थर्मोस्टॅट लावून पाणी ४५ अंशांना परत आलं की पंप थांबेल असंही करा.

रिटर्नचं कोमट पाणी टाकीत कुठे सोडलं जातं ते ठेकेदाराला नकाशावर दाखवायला सांगा. सोलरच्या टाकीत गरम पाणी वर आणि गार खाली असे थर असतात. रिटर्न जोरात वरच्या भागात सोडलं तर थर मोडतात आणि सगळी टाकीच कोमट होते. ते खालच्या भागात, पण तळ ढवळला जाणार नाही इतक्या सावकाश सोडायला हवं. पंपाच्या पुढे एनआरव्ही आहे ना, आणि त्यावरचा बाण योग्य दिशेला आहे ना, तेही बघा. तो नसेल किंवा अडकला असेल तर पंप बंद असताना कुणी गरम नळ सोडला की टाकीच्या तळाचं गार पाणी रिटर्न लाइनीतून उलटं येऊन गरम पाण्यात मिसळतं.    तसा संशय आला तर एनआरव्ही उघडून आतली झडप आणि तिच्याखाली अडकलेला क्षाराचा खडा बघा.